पोडावरच्या शाळेसाठी टीव्ही, टॅब कुठून मिळवायचे? अनुदान, पुरस्कार, फुकटची साधनं, अनुभव असेल तर सांगा

झरीचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात एका पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, झेडपी शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट 34, आम्ही दोघं शिक्षक. लेकरं जवळपास सगळी कोलाम, घरी कोलामीच बोलतात, पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांना आपल्याला तेलुगू वाटावी तितकीच परकी असते, म्हणून चित्र आणि आवाज दाखवता आला की शिकवणं किती सोपं होतं हे मी स्वतः पाहिलंय.

आमच्याकडे गावाने वर्गणी करून घेतलेला 32 इंची टीव्ही होता. मागच्या जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात मोठा कडकडाट झाला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर टीव्ही गेलेला, सोबत सेटटॉप बॉक्सही. वणीच्या मेकॅनिकने सांगितलं की बोर्ड जळालाय, दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या. तिसरीतली एक पोरगी अजूनही सकाळी आली की फडक्याने त्या बंद टीव्हीवरची धूळ पुसते आणि विचारते, गुरुजी आज लागते का. रोज तिला काय सांगायचं तेच कळत नाही.

आता पुन्हा वर्गणी मागायची माझी हिंमत नाही, कापसाचं यंदा काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. मग रात्री बसून नेटवर शोधलं तर शिक्षकांसाठी ग्रँट म्हणून ढीगभर साइट निघाल्या, डोनर्सचूज वगैरे, पण फॉर्म भरायला घेतला की अमेरिकेतला पत्ता मागतात. एक मेसेज पण फिरतोय, उपक्रमशील शिक्षकांना राष्ट्रीय पातळीचा पुरस्कार म्हणे, नोंदणी 1500 रुपये, माझे सहकारी म्हणतात भरून टाक, पुरस्कार मिळाला की शाळेला मदत मिळते.

तर मला एवढंच विचारायचंय की आपल्यासारख्या शाळेला खरंच पैसा कुठून मिळतो, पुरस्काराच्या मागे लागावं का, आणि नेट नसताना चालेल असं फुकटचं काय आहे. रेंज आमच्याकडे शाळेमागच्या चिंचेखाली येते, ती पण सकाळी. शाळेत माझा मोबाइल आणि एक जुना लॅपटॉप आहे, बस.

कोरपना_मास्तर

गुरुजी, डोनर्सचूज फक्त अमेरिकेतल्या शाळांसाठी आहे, 2000 साली तिथल्याच एका शिक्षकाने सुरू केलं, कल्पना फार चांगली आहे पण आपल्या कामाची नाही. तुमचा पैसा तुमच्या तालुक्यातच आहे, आणि झरी-जामणी तर या बाबतीत आमच्या कोरपन्यासारखाच तालुका आहे, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पण आहे आणि खाणी-सिमेंट पण आहे.

पहिलं म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. तुमचा पट 34 म्हणजे 25 हजारांचा टप्पा, 30 किंवा त्याखाली गेला असता तर 10 हजारच मिळाले असते. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर लावायचे, लाइट बिल, खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं त्यातूनच, म्हणून टीव्ही त्यातून निघतो असं मी म्हणत नाही. पण वायरिंग, अर्थिंग, केबल, पेनड्राइव्ह ही किरकोळ वाटणारी कामं त्यातूनच करून घ्या, कारण दुसरा कुणी देणगीदार अर्थिंगसाठी पैसे देत नाही, त्यात फोटो निघत नाही ना. स्मार्ट क्लासरूम आणि आयसीटी (संगणक) लॅबचा जो मोठा पैसा समग्र शिक्षात असतो तो सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी, अटल टिंकरिंग लॅबचे 20 लाख पण सहावी ते बारावीसाठीच, म्हणजे आपण पहिली ते पाचवीवाले त्या यादीत येतच नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

दुसरं, पेसाचा 5 टक्के निधी. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के पेसा ग्रामपंचायतींना थेट येतात आणि शिक्षण हा त्यात बसणारा विषय आहे. खर्च ग्रामसभा ठरवते. तुमचं पोड स्वतंत्र पेसा गाव म्हणून जाहीर झालं असेल तर पोडाची स्वतःची ग्रामसभा असते, मग तर तुमच्याच लेकरांचे मायबाप निर्णय घेणार. वित्त आयोगाच्या पैशाचं पण तसंच, पंधराव्या आयोगात (2021 ते 2026) त्यातला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, अबंधित, म्हणजे न बांधलेल्या, पैशातून शाळेचं काम आराखड्यात घालता येतं, पण आराखड्यात नाव नसेल तर सचिव काहीच करू शकत नाही. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात, तिथे तुम्ही स्वतः जाऊन बसा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाला बोलायला लावा. मास्तर बोलला की लोकांना वाटतं मास्तरचं काम आहे, बाप बोलला की लेकराचं काम होतं.

तिसरं खनिज निधी. 2015 ला खाण कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणवाल्यांकडून पैसा जमा होतो आणि बाधित गावांवर खर्च करायचा असतो. पाणी, आरोग्य, शिक्षण ही अग्रक्रमाची कामं, पूर्वी यांच्यावर किमान 60 टक्के खर्च करायचा होता, 2024 च्या नवीन मार्गदर्शक सूचनांत 70 टक्के केला. यवतमाळ, चंद्रपूर दोन्हीकडे हा पैसा भरपूर येतो. पण एका शाळेचा एक टीव्ही असा प्रस्ताव तिथे कुणी हातात पण धरत नाही, आम्ही केंद्रातल्या (शेजारच्या शाळांच्या गटातल्या) 9 शाळांचा मिळून एकच प्रस्ताव केला होता, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांच्या सहीने पुढे पाठवला, तेव्हा कुठे हलला. दीड वर्ष लागलं, पण झालं.

आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर लावायचा पैसा. कंपनी कायदा 2013, कलम 135. नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर लावावे लागतात, आणि जिथे कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे तुमच्याकडून ट्रक जातात, धूळ तुमच्या शाळेवर बसते, तर मागणी करायला लाजायचं काही कारण नाही. शाळेच्या खात्यात पैसे टाका असं मागू नका, कंपनीला ते अडचणीचं होतं, साहित्य तुम्हीच घेऊन द्या म्हणा.

पण एक अनुभव सांगतो, मनाला फार लागलेला. आमच्या एका शाळेला एका कंपनीने 10 टॅब दिले होते, कार्यक्रम, बॅनर, हार, सगळं झालं. आतला अभ्यास इंग्रजीत, आणि टॅब लॉक केलेले, आपलं काही टाकता येत नव्हतं. सहा महिन्यांत चार चार्जर गेले, फोन केला तर ज्या साहेबांनी दिले त्यांची बदली झालेली. पोरं कपाटाच्या काचेतून टॅब बघायची. तेव्हापासून मी कुणी काही द्यायला आलं की तीन गोष्टी आधीच लिहून घेतो, मराठी पाहिजे, आपलं साहित्य टाकता आलं पाहिजे, आणि दोन वर्षं दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव. देणारा नाराज होत नाही हो, उलट त्याला कळतं की हा मास्तर वापरणार आहे.

मेळघाटची_ताई

गुरुजी तुमची ती धूळ पुसणारी पोरगी वाचून डोळ्यात पाणी आलं. मी धारणीकडे आहे, आमची लेकरं कोरकू, त्यामुळे तुमचं दुखणं मला समजतं.

कोरपन्याच्या सरांनी पैशाचं सांगितलं ते येईल तेव्हा येईल, पण तुमच्याकडे मोबाइल आणि लॅपटॉप आहे ना, मग उद्यापासून सुरू करा, मी दोन वर्षं एका मोबाइलवर काढली आहेत.

दीक्षा, म्हणजे सरकारचं अभ्यासाचं ॲप, तर तुमच्याकडे असेलच, पण बरेच जण ते फक्त प्रशिक्षणासाठी उघडतात. बालभारतीच्या पुस्तकात पाठाजवळ क्यूआर कोड आहे ना, त्याच्या खाली सहा अक्षरांचा कोड पण छापलेला असतो, कॅमेरा नीट चालत नसेल तर तो टाइप करायचा. चिंचेखाली उभं राहून आठवड्याचे पाठ डाउनलोड करून ठेवा, मग वर्गात नेट लागत नाही, आणि एका मोबाइलवर उतरवलेलं दुसऱ्या मोबाइलला नेटशिवाय देता पण येतं. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत.

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग. त्यात मराठी आहे, गोष्टी एकदा उतरवल्या की नेट लागत नाही, लेकरू मोठ्याने वाचतं आणि ते ऐकतं, चुकलं की शब्द पुन्हा म्हणून दाखवतं. माझ्याकडे चौथीतला एक मुलगा होता, माझ्यासमोर दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता, मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहायचा. त्याला मोबाइल देऊन व्हरांड्यात बसवलं आणि मी मुद्दाम आत गेले, थोड्या वेळाने ऐकू आलं, हा जोरजोरात वाचतोय, चुकतोय, परत वाचतोय. माझ्यापुढे चुकायची त्याला भीती होती, मोबाइलपुढे नव्हती. ते माझ्यासाठी पण शिकणं होतं, त्यानंतर मी चुका काढायची माझी पद्धतच बदलली. एक लक्षात ठेवा, ज्यांच्या घरी मराठी नाही त्यांचे उच्चार कधी कधी त्या ॲपला कळत नाहीत आणि बरोबर वाचलेलं पण चूक दाखवतं, तेव्हा जवळ बसून सांगावं लागतं की बाळा तू बरोबरच वाचलंस.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, 2015 पासून आहे, मराठीत भरपूर गोष्टी, सगळ्या मोकळ्या परवान्याच्या, म्हणजे उतरवा, छापा, वाटा, कुणी विचारत नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, तिथलीच चित्रं घेऊन तुम्हाला स्वतःची गोष्ट बनवता येते किंवा असलेल्या गोष्टीचं भाषांतर करता येतं. आम्ही पोरांच्या आज्यांना शाळेत बोलावून गोष्टी सांगायला लावल्या, मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, मग पाचवीच्या पोरांनी त्या देवनागरीत कोरकूतच लिहिल्या, बाजूला मराठी लिहिलं. पहिलीच्या लेकरांना त्या वाचून दाखवल्या तर पहिल्यांदा मला वर्गात असं दिसलं की ती माझ्या तोंडाकडे न बघता चित्राकडे बघून हसतायत, अर्थ आधीच कळलेला होता.

गणित-विज्ञानासाठी फेट म्हणून आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं, 2002 ला कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने सुरू केलं. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, एक एक फाइल उतरवून ठेवली की कुठल्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. अपूर्णांकाचं जे आहे ते चौथी-पाचवीला लावून बघा. आणि अरविंद गुप्तांची साइट, खेळणी कचऱ्यातून, त्यांना 2018 ला पद्मश्री मिळाली, 1978 पासून होशंगाबादकडे गावच्या शाळांतून काम केलेला माणूस, आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांच्यापासून भूमिती शिकवतात. तिथे मराठी पुस्तकं पण फुकट वाचायला आहेत. याला लाइट पण लागत नाही.

लॅपटॉपचं राहिलंच. त्यात कोलिब्री टाका, लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खास नेट नसलेल्या शाळांसाठी बनवलेलं. एकदा तालुक्याला जाऊन चांगल्या नेटवर हवे ते भाग उतरवायचे, मग शाळेत लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला की आजूबाजूचे मोबाइल त्याला जोडून तेच बघता येतं, इंटरनेट शून्य. मराठीत काय आहे ते आधी नीट बघून मगच उतरवा, नाहीतर 40 जीबी इंग्रजी भरून ठेवाल, माझं तसंच झालं होतं.

झरीचे_गुरुजी

ताई, आज्यांच्या गोष्टींचं वाचून मी उठून बसलो खरंच. आमच्या पोडावर एक आजी आहे, पाखरांची नावं आणि कोणतं पाखरू कधी येतं हे सगळं तिला पाठ आहे, आणि तिच्यानंतर ते सांगणारं कुणी नाही. उद्याच जातो.

कोरपन्याचे सर, प्रस्तावाला काय काय जोडायचं तेवढं सांगाल का. आणि कुणाला विजेचं कळत असेल तर सांगा, नवीन टीव्ही मिळाला तरी पुन्हा जळाला तर गावाला तोंड कसं दाखवू.

घाटंजीचा_वायरमन

राम राम गुरुजी, मी मास्तर नाही, आयटीआय इलेक्ट्रिशियन हाय, माहे दोन पोट्टे झेडपी शाळेतच शिकतात म्हणून हे वाचत असतो. आमच्या इकडच्या सात-आठ शाळांचं काम म्या केलं हाय, त्यातलं सांगून रायलो.

तुमचा टीव्ही आणि बॉक्स दोन्ही गेले म्हणजे वीज बहुतेक छत्रीच्या (डिश ॲन्टेनाच्या) केबलनं नाहीतर लाइनीनं आत आली. वीज शाळेवर पडावीच लागते असं नाही, दूर पडली तरी लाइनीत झटका येते. शाळेत अर्थिंग हाय का ते आधी पाहा. बहुतेक शाळेत तीन पिनचं सॉकेट असते पण तिसऱ्या पिनले मागं वायरच नसते, म्या उघडून पाह्यलं हाय. खड्डा करून, मीठ-कोळसा टाकून अर्थिंग करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा कारण आपल्या इकडं एप्रिल-मे मध्ये जमीन अशी तापते की अर्थिंग कोरडं पडून कामच करत नाही, आणि पहिला पाऊस आला की विजा सुरू, तवाच नुकसान होते.

दुसरं, शाळा सुटली की टीव्हीची पिन काढायची आणि छत्रीची केबल पण मागून काढायची. निस्तं बटन बंद करून काही होत नाही. हे काम पोट्ट्यायलेच वाटून द्या, दर आठवड्याले एक जण, ते मास्तरपेक्षा जास्त आठवण ठेवतात. छत्रीवरून आठवलं, छत्री काढून टाकू नका, डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याचे शाळेचे चॅनल फुकट लागतात, रिचार्ज नाही.

लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घेत असान तर हिशोब सांगतो. 43 इंची एलईडी टीव्हीले 80 ते 100 वॅट लागते. 150 एएचची बॅटरी म्हणजे 12 गुणिले 150, अठराशे वॅट-तास. त्यातले निम्मे-पाऊणच वापरायचे, बॅटरी पुरी उतरवली की लवकर मरते. तरी टीव्ही आठ-दहा तास आरामात चालते. प्रोजेक्टर घ्याल तर त्याले तिप्पट लागते आणि आपल्या वर्गात उजेड एवढा की दिसत पण नाही, खिडक्या बंद करा तर लेकरं घामाघूम. म्हणून टीव्हीच घ्या. आणि सुट्टी लागायच्या आधी बॅटरीचं पाणी भरून ठेवा, विदर्भात शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या नंतर उघडते, तेवढ्या दिवसात पाणी आटून प्लेटा उघड्या पडतात. म्या दरवर्षी जूनमध्ये अशा मेलेल्या बॅटऱ्या पाहतो, बारा-पंधरा हजाराची वस्तू पन्नास रुपयाच्या पाण्यासाठी जाते, जीव जळते पाहून.

लाइट बिलावर दर कोणता लागून रायला ते पण पाहा. सरकारी शाळेसाठी सार्वजनिक सेवेचा वेगळा दर असते, कधी कधी व्यापारी दरानं बिल येत असते आणि कोणाच्या लक्षात नाही. महावितरणच्या ऑफिसात अर्ज दिला की बदलते.

तुमच्याकडं यायला मले तीन तास लागतात, पण रविवारी येतो, सामानाचे पैसे तेवढे द्या.

निवृत्त_केंद्रप्रमुख_वाशिम

गुरुजी, पुरस्काराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 34 वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची 9 केंद्रप्रमुख म्हणून, अनेकांचे प्रस्ताव या हातांनी तयार केले.

तो 1500 रुपयांचा मेसेज डिलीट करा. ज्या पुरस्कारासाठी शिक्षकाला पैसे भरावे लागतात तो पुरस्कार नाही, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हाची विक्री आहे. कष्टाळू शिक्षकांचे पैसे यात गेलेले मी पाहिलेत, आणि नंतर ते प्रमाणपत्र वरच्या प्रस्तावाला लावलं तर त्याला काही किंमत नसते. सरकारी पुरस्काराला एक रुपया फी नसते.

खरे पुरस्कार आहेत ते सांगतो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 5 सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते देतात, प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि 50 हजार रुपये. पूर्वी वरून नाव पाठवावं लागायचं, 2018 पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. तंत्रज्ञान वापरणाऱ्यांसाठी वेगळा राष्ट्रीय आयसीटी पुरस्कार आहे, 2010 पासून, एनसीईआरटीच्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेमार्फत. आपल्या राज्याच्या एससीईआरटीची (शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची) नवोपक्रम स्पर्धा असते, माझ्या मते नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी, कारण त्यात उपक्रम संशोधनासारखा लिहावा लागतो, आधी काय स्थिती होती, काय केलं, काय बदललं. ते लिहिता लिहिता आपल्यालाच आपलं काम दिसायला लागतं. शाळेसाठी म्हणाल तर मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा, 2023-24 च्या पहिल्या टप्प्यात तालुक्याला पहिलं बक्षीस 3 लाख, जिल्ह्याला 11 लाख आणि राज्याला 51 लाख होतं. हा पैसा शाळेला मिळतो, म्हणून मी नेहमी सांगायचो की वैयक्तिक पुरस्कारापेक्षा याची तयारी करा.

डिसले गुरुजींचं उदाहरण सगळे देतात. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज, 10 लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या 9 शिक्षकांत वाटली. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत क्यूआर कोडवर काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले, त्यानंतर काही वर्षांनी बक्षीस आलं. काम आधी, बक्षीस नंतर, हा क्रम लक्षात ठेवा.

म्हणून तुम्हाला आजपासून एक वही घालायला सांगतो. आज किती लेकरांना जोडाक्षर वाचता येतं, किती जणांना हातच्याची वजाबाकी येते, तारीख टाकून नावानिशी लिहा. टीव्ही यायच्या आधीची ही नोंद नसेल तर टीव्ही आल्यावर काय फरक पडला ते कोण सांगणार? मी तपासणीला जायचो तेव्हा फोटोंचे अल्बम ढिगाने पुढे यायचे, फीत कापताना, नारळ फोडताना, आणि एखाद्या पोराला जवळ घेऊन वाचायला सांगितलं की शिक्षकाचा चेहरा उतरायचा. ज्या शाळेत अशी वही होती तिथे मला अल्बम बघायची गरजच पडली नाही.

विद्यांजली पोर्टल पण आहे केंद्र सरकारचं, यूडायस नंबरने (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) शाळेची नोंदणी करून काय हवंय ते टाकता येतं, ज्याला द्यायचं तो तिथून संपर्क करतो. पोडावरच्या शाळेकडे आपोआप कुणी वळेल असं नाही, पण आपल्या गावची पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं असतात, त्यांना ती लिंक पाठवता येते, सरकारी पोर्टल आहे म्हटलं की माणूस विश्वासाने देतो.

कोरपना_मास्तर

प्रस्तावाचं विचारलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचा ठराव, सूचक-अनुमोदकाच्या नावासह, तीन दुकानांची कोटेशन जीएसटी नंबर असलेली, यूडायस नंबर, वर्गवार पट, शाळेत लाइट आहे याचा पुरावा म्हणून चालू बिल, जळालेल्या टीव्हीचा पंचनामा आणि मेकॅनिकचं पत्र. जुना टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) असेल तर तो निर्लेखित करायची, म्हणजे बाद करून नोंद काढायची, कार्यवाही आधी सुरू करा, नाहीतर वरून शेरा येतो की शाळेकडे टीव्ही आहे. नवीन आला की त्याच दिवशी रजिस्टरला नोंद, देणारा कुणीही असो. बदली झाली तेव्हा चार्ज देताना हे नसल्यामुळे स्वतःच्या खिशातून भरलेले मास्तर मला माहीत आहेत.

अर्ज एका पानाचा ठेवा. सुरुवातीला शासन निर्णयांचे नंबर लिहू नका, ते शेवटी. वरती तेच लिहा जे इथे लिहिलंत, पट 34, घरची भाषा कोलामी, टीव्ही विजेने जळाला, आणि ती पोरगी रोज विचारते. साहेब लोक दिवसाला पन्नास अर्ज बघतात, हा त्यांच्या लक्षात राहील.

आणि उन्हाळ्यात टीव्ही शाळेत ठेवू नका, चोऱ्या होतात. पोलीस पाटलाच्या नाहीतर समिती अध्यक्षाच्या घरी पोच लिहून ठेवायचा.

मेळघाटची_ताई

अजून एक, कॅनव्हा या डिझाइन बनवायच्या साइटचं शिक्षकांसाठीचं खातं फुकट मिळतं, शाळेचं ओळखपत्र अपलोड करावं लागतं. चित्रकार्ड, शब्दपट्ट्या, गोष्टीची पुस्तिका बनवायला छान आहे, मराठी फाँट आहेत. पण त्याला नेट लागतं, सुट्टीत तालुक्याला आलात की बनवून प्रिंट काढून ठेवा. आजीच्या पाखरांची कार्ड नक्की बनवा, मला पण पाठवा.

झरीचे_गुरुजी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, चिंचेखालूनच.

वायरमन भाऊ खरंच आले रविवारी, एसटीने पांढरकवड्यापर्यंत आणि तिथून मी गाडीवर आणलं. सॉकेट उघडलं तर त्यांनी म्हटलं तेच, तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. गावातल्या चार जणांनी खड्डा खणला, सामान शाळा अनुदानातून घेतलं, बिल लावलं. मजुरी त्यांनी घेतली नाही, समिती अध्यक्षाच्या घरी भाकर खाऊन गेले. लाइट बिल पण बघितलं त्यांनी, दर चुकीचाच लागत होता, अर्ज दिलाय.

समितीचा ठराव झाला, जुना टीव्ही निर्लेखित करायचा कागद केंद्रावर गेलाय. ग्रामसभेत मी गप्प बसलो आणि त्या धूळ पुसणाऱ्या पोरीचा बाप उभा राहिला. कोलामीतच बोलला, दोन-तीन वाक्यं, मला सगळी कळली पण नाहीत, पण सभा शांत झाली होती. पेसाच्या आराखड्यात 43 इंची टीव्ही आणि इन्व्हर्टर लिहून घेतलंय, पैसा येईल तेव्हा येईल. खनिज निधीसाठी आमच्या केंद्रातल्या 6 शाळा एकत्र यायला तयार आहेत, बैठक पुढच्या शनिवारी.

1500 वाला मेसेज डिलीट केला आणि सहकाऱ्यांना पण दाखवलं. वही घातली. 34 पैकी 11 लेकरांना जोडाक्षर वाचता येतं, इतके कमी असतील असं मला वाटलं नव्हतं, दोन दिवस मन लागलं नाही.

आजीकडे तीन वेळा गेलो. पहिल्या दिवशी मोबाइल बघून ती बोललीच नाही, तोंडावर पदर घेतला. दुसऱ्या दिवशी पोरं सोबत नेली आणि मोबाइल पाचवीतल्या पोराच्या हातात दिला, तर सुरूच झाली, 17 पाखरांची नावं सांगितली, आवाज काढून दाखवले, पोरं तेच आवाज काढत घरी गेली. आता ती लॅपटॉपवर टाकलीत. एकेक नाव लिहिताना अडचण येतेय, कोलामीतले काही आवाज देवनागरीत बसत नाहीत, पोरं म्हणतात गुरुजी असं नाही, असं, आणि मी पुन्हा खोडतो. ताई, तुम्ही कोरकूसाठी असे आवाज कसे लिहिले ते सांगाल का, एखादं पान फोटो काढून टाकलं तरी चालेल.